पांढऱ्या कोटाचं माप

"हे घे," म्हणत भावाने पांढरं कापड माझ्या टेबलावर टाकलं, ते नेमकं मी खडूने आखत असलेल्या बाहीवर. "हिचा एप्रन शीव. सोमवारी ॲडमिशन आहे. सायन्सला पहिल्या दिवसापासून लागतो."

"हिला विचारलंस का?" मी म्हटलं.

"माप घ्यायला विचारावं लागतं?"

"मापाचं नाही, सायन्सचं म्हणतेय मी."

"विषय संपला," भाऊ म्हणाला.

हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. गळका नळ असो नाहीतर भिंतीचा रंग, बोलणं त्याच्या मनाविरुद्ध जायला लागलं की तो विषय संपवून टाकतो. औषधांच्या दुकानात तो काउंटरला असतो. तिथे गिऱ्हाईक वाद घालत नाही, चिठ्ठी पुढे करतं आणि गोळ्या घेऊन निमूट जातं. घरही तसंच चालावं असं त्याला वाटतं.

खिडकीपाशी त्याची लेक बटणं लावत बसली होती. म्हणजे मांडीवर शर्ट होता आणि शर्टाखाली पुस्तक. तिने मान वर केली आणि विचारलं, "का?"

ही पोर बोलायला लागल्यापासून प्रत्येक गोष्टीला का, का करते, म्हणून घरात तिचं नाव कावळी पडलं. शाळेतलं नाव वेगळं आहे, चांगलं आहे, पण ते आम्हाला आठवावं लागतं.

"का म्हणजे? एवढे मार्क पडलेत तुला! एवढे मार्क पाडून कुणी आर्ट्सला जातं? आर्ट्सला कोण जातं ठाऊक आहे? ज्यांना दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही ते."

"मला सगळीकडे उभं करतायत, बाबा. तरी मी आर्ट्सलाच जाणार."

"ऐकलंस?" तो माझ्यावर घसरला. "ही तुझी शिकवणी. अख्खी सुट्टी तुझ्या दुकानात बसून ही रद्दी वाचतेय. ताई, एक लक्षात ठेव. दुकान तुझं असलं तरी खोली माझी आहे. सोमवारी एप्रन तयार नसला, तर मशीन दुसरीकडे कुठे ठेवायचं ते बघून ठेव."

आणि तो गेला. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्याने ते हळूच लोटून घेतलं, म्हणजे तो मनापासून बोलला होता.

मी कपडे शिवते. नवे शिवते, सैल झालेले घट्ट करते, घट्ट झालेले सैल करते. भावाच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे माझं दुकान. आतल्या खोल्यांत भाऊ, वहिनी आणि कावळी राहतात. झोपायची वेळ झाली की मी मशीनशेजारीच गादी टाकते. धाकट्या भावाच्या शिक्षणापायी मी शाळा सोडली, असं लोक परस्पर ठरवतात आणि माझी कीव करतात. साफ खोटं आहे. मला शाळेचा कंटाळा होता आणि मशीनचा आवाज आवडायचा. माझ्याकडून कुणाच्या काही अपेक्षाच नव्हत्या, म्हणून मला हवं ते करता आलं. अपेक्षा सगळ्या भावाकडून होत्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी त्याची स्वतःची.

दहावीची परीक्षा संपली आणि कावळीच्या वर्गातल्या पोरी लगोलग सायन्सच्या क्लासला जायला लागल्या. ही गेली वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे आणि तिची अकरावीची जुनी पुस्तकं पोटाशी धरून माझ्या दुकानात आली. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र. मी एकेक नाव वाचलं आणि म्हटलं, "अगं, ही सगळी शास्त्रंच आहेत की! मग सांग ना तुझ्या बापाला, हेही सायन्सच म्हणून."

ती खूप हसली. मग म्हणाली, "तूच सांग. माझं ऐकतात कुठे?"

"पण आत्तापासून कशाला? कॉलेज सुरू तर होऊ दे."

"आत्या, दहावीपर्यंत नुसत्या रिकाम्या जागा भरल्या आम्ही. इथे पानभर लिहावं लागतं, आणि तेही आपल्या डोक्याने. ते काय एका दिवसात जमतं? तू कापडाला कात्री लावायच्या आधी आखून घेतेस ना? तसं मला आखून घ्यायचंय."

मग आमची एक रीत पडली. ती धडा वाचायची, पुस्तक मिटायची आणि आपल्या शब्दांत मला सांगायची. मी मशीन चालवत ऐकायची. मला समजेनासं झालं की माझा पाय आपोआप थांबायचा. मशीन बंद पडलं की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. 'सार्वभौमत्व' या शब्दापायी एक दुपार माझं काम ठप्प झालं. शेवटी ती वैतागून म्हणाली, "हे बघ. खोली बाबांची, मशीन तुझं. मग या दुकानात शेवटचा शब्द कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं.

"खोली त्यांची असूनही?"

"कात्री माझ्या हातात आहे ना."

"मग तेच ते," ती म्हणाली. मला कळलं आणि मशीन सुरू झालं.

एकदा तिने सांगितलं की इतिहासात कारणं दोन तऱ्हेची असतात, तात्कालिक कारण आणि मूळ कारण. माझा पाय थांबला. तिने इकडेतिकडे बघितलं आणि दुरुस्तीला आलेली एक पॅंट उचलली. मागून पार फाटली होती.

"ही का फाटली?"

"तो वाकला म्हणून."

"ते झालं तात्कालिक. मूळ कारण?"

"मूळ काय, शिवणाऱ्याने माया ठेवली नाही."

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दडवून ठेवतात त्याला आम्ही माया म्हणतो. पोर वाढलं, माणूस सुटला, की शिवण उसवायची आणि ती माया बाहेर काढायची. वरून बघणाऱ्याला ती दिसत नाही. हल्ली बाजारातले तयार कपडे उलटून बघा, नखाएवढीही नसते.

"आणि माया का नाही ठेवली?" कावळीने विचारलं.

"कापड वाचवायला."

"कापड का वाचवायचं?"

"कावळे, मला शिवू दे!" मी ओरडले. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात ते भूत बसलं. कुणी काही बोललं की मी मनात विचारायला लागले, हे तात्कालिक, मग मूळ काय?

मग ती गिऱ्हाइकांच्या मागे लागली. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात, असा तिचा प्रश्न. मी उभा जन्म बायकांचे कपडे शिवत आलेय, पण हे मला कधी सुचलं नव्हतं. कुणी सांगितलं, खिशाने कपड्याचा आकार बिघडतो. एकीने सांगितलं, "खिसा असला की नवरा त्याच्या किल्ल्या त्यात टाकतो, नकोच ती ब्याद." जाड भिंगांच्या आजी, ज्यांना हातभर अंतरावरचं धड दिसत नाही, त्या किल्ली आणि सुटे पैसे रुमालात बांधून मुठीत धरून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आम्हाला कुणी विचारलंच नाही गं." कावळीने त्या सगळ्याचं एक लांबलचक उत्तर लिहिलं, पुन्हा खोडलं, पुन्हा लिहिलं. मी लिहीत नाही. मी आजींच्या नव्या झग्याला न विचारता खिसा लावायला घेतला.

भावाने ते उत्तर बघितलं होतं. "खिशांवर निबंध! यासाठी कॉलेजला जायचं?" असं तो म्हणाला आणि कावळीने "हो" म्हटलं, तेव्हापासून घरातली हवा तापलेली होती. त्यात निकाल लागला, चिक्कार मार्क पडले, आणि माझ्या टेबलावर ते पांढरं कापड आलं.

त्या संध्याकाळी जेवताना दोघांची पुन्हा जुंपली.

"डॉक्टर होशील. लोक उठून उभे राहतील," भाऊ म्हणाला.

"लोक का उभे राहतात, हे मला शिकायचंय."

"तोंड वर करून बोलू नकोस! मी तुझ्या भल्याचं सांगतोय. विषय संपला."

"संपेल कसा? माझे विषय अजून सुरूसुद्धा झाले नाहीत."

भाऊ भरल्या ताटावरून उठला. वहिनी मला भांडी घासताना हळूच म्हणाली, "ताई, शिवून टाका तो एप्रन. कपडाच तर आहे. तुम्ही या वयात मशीन घेऊन कुठे जाणार?"

तिचं चुकलं नव्हतं. मलाही तीच धास्ती होती. ही खोली गेली तर माझं काय उरतं? गिऱ्हाइकं मला नावाने ओळखत नाहीत, खिडकीने ओळखतात. मी दुसऱ्या दिवशी टेप घेतली आणि कावळीला समोर उभं केलं. तिने हात पसरले नाहीत. अंगाशी घट्ट धरून ठेवले.

"आत्या, तू शिवणार?"

"मग काय करू? रस्त्यावर बसू?"

"शीव. मी घालणार नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हनुवटी वरच होती. "मला ते जमत नाही म्हणून मी नको म्हणत नाहीये. मला जमतं. तरी मला हे हवंय. एवढंच कुणाला कळत नाही."

मला कळत होतं. मलाही मशीन हवंच होतं, दुसरं काही जमत नव्हतं म्हणून नव्हे. फरक एवढाच, की मला कुणी अडवलं नव्हतं. तिला अडवायला मीच टेप घेऊन उभी होते. माझी मलाच लाज वाटली.

ती गेल्यावर मी कापडाकडे बघत बसले. भांडणाचं तात्कालिक कारण, मार्क. मूळ कारण? ते शोधायला मला पुस्तक लागलं नाही. कावळीपेक्षा दोनच वर्षांनी मोठा असताना भाऊ असंच पांढरं कापड घेऊन माझ्याकडे आला होता. बारावीचा निकालही लागायचा होता. "ताई, आधीच शिवून ठेव. मेडिकलला नंबर लागला की घाई नको," म्हणाला होता. केवढा चेहरा फुलला होता त्याचा! मी कोट कापला, खिसे लावले, नुसत्या बाह्या जोडायच्या राहिल्या. मग निकाल लागला. थोडक्यात हुकलं. पुन्हा बसला, पुन्हा हुकलं. "फेकून दे तो," म्हणाला.

मी कापड फेकत नाही. मी त्याच्या उशीच्या खोळी केल्या. एका खोळीत कोटाचा खिसा आला होता, तो उसवायचा कंटाळा केला आणि आतल्या बाजूला घातला. पुढे कितीतरी वर्षं भाऊ त्या खोळींवर डोकं टेकून झोपला, आणि मी मनात म्हणायची, बरं झालं याला कळलं नाही.

मी टेप गुंडाळून ठेवली. कोट ज्याला हवा होता त्याचे शर्ट आजही मीच शिवते. त्याचं माप मला तोंडपाठ होतं.

सोमवारी सकाळी भाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात आला. कावळी आधीच तयार होऊन बसली होती. अंगात मी शिवलेला कुर्ता, त्याला दोन खिसे आणि खिशांत दोन हात.

"झाला?"

"झाला," म्हणत मी कोट त्याच्या हातात दिला.

त्याने तो झटकून उलगडला आणि कावळीच्या खांद्यांना लावला. खांद्याची शिवण तिच्या कोपराच्या दिशेने निघाली आणि खालचा काठ पार पोटऱ्यांवर गेला.

"ताई! हे काय केलंस? सगळं माप चुकवलंस."

"माझं माप चुकत नाही."

"डोळे फुटलेत का तुझे? हा हिला कुठून बसेल?"

"हिला कशाला बसायला हवा? हिने कुठे मागितला होता? कोट ज्याला हवा होता, त्याच्या मापाचा शिवलाय. घालून बघ."

आतल्या दारात वहिनी येऊन उभी राहिली होती. भावाचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्याची नजर माझ्यावरून मशीनवर गेली. मी सकाळी उठल्याउठल्या मशीनवर झाकण चढवलं होतं. दोऱ्यांचा डबा, कात्र्या, बटणांच्या बाटल्या, सगळं एका पेटीत भरून पेटीला दोरी बांधली होती.

"हे काय आता?"

"खोली तुझी आहे ना? मी कोपऱ्यावरच्या जिन्याखाली जागा बघून ठेवलीय. तू म्हण, आत्ता उचलते." मी पेटी पुढे ओढली. "पण हिच्या मापाचा पांढरा कोट माझ्या मशीनवर होणार नाही. या दुकानात शेवटचा शब्द माझा आहे."

कावळी उठली आणि पेटीपाशी जाऊन उभी राहिली, उचलायला सांगितली तर उचलीन अशी.

भाऊ आता कोट फेकणार असं मला वाटलं. त्याने तो अंगात घातला. माझं चुकलंय हे दाखवायलाच घातला असणार. एक हात बाहीत गेला, मग दुसरा. खांदे खांद्यांवर बसले. त्याने एक बटण लावलं, थांबला, आणि मग खालपर्यंत सगळी लावली. गिऱ्हाइकांसाठी मी आरसा ठेवलाय, त्यात त्याने स्वतःला बघितलं आणि बघतच राहिला. मी त्याला जन्मापासून ओळखते. असा उभा राहिलेला मी त्याला कधीच बघितला नव्हता, आणि मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात जाड भिंगांच्या आजी आत आल्या. "झाला का गं माझा झगा?" म्हणाल्या आणि पांढरं काही दिसलं तशा थबकल्या. "अगंबाई, डॉक्टर आलेत! बरं झालं. डॉक्टर, हा गुडघा बघा हो जरा. जिना चढवत नाही."

मी काहीतरी सावरायला तोंड उघडलं, पण भाऊच आधी बोलला.

"मी डॉक्टर नाही, आजी."

"नाही?"

"औषधांच्या दुकानात असतो. काउंटरला."

"मग हा कोट का घातलाय?"

तो पुन्हा आरशाकडे वळला. मी कावळीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने तोंडातून 'का' काढला नव्हता. ती बापाकडे बघत होती आणि तिचे हात खिशांतून बाहेर आले होते.

आजींना मी झगा दिला. त्यांनी चाचपून खिसा शोधला, रुमालाची गाठ त्यात टाकली, वरून थोपटली आणि रिकामे हात हलवत निघून गेल्या.

भाऊ अजून आरशासमोरच होता. "काखेत आवळतोय," तो म्हणाला.

"तू सुटलायस. आत माया आहे, उसवून देते," म्हणत मी कात्रीसाठी पेटीच्या दोरीला हात घातला.

"आधीच्या कोटाच्या तू खोळी केल्यास."

माझा हात पेटीच्या दोरीवरच राहिला. "तुला माहीत होतं?"

"उशीच्या खोळीला आतून खिसा कोण लावतं, ताई? रोज गालाला लागायचा."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार?" तो म्हणाला. त्याने एकेक बटण काढलं, कोट उतरवला आणि माझ्या टेबलावर नीट घडी करून ठेवला. मग लेकीकडे न बघता म्हणाला, "चल."

"कुठे?" कावळीने सावधपणे विचारलं.

"कॉलेजात. सही नको बापाची? ती आर्ट्सची खिडकी कुठे असते, मला काही ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे. मी आधीच बघून आलेय."

"एक वर्ष बघू," तो गुरकावला.

"दोन असतात, बाबा."

"विषय..." भाऊ म्हणाला आणि अडकला. आम्ही तिघी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलो. त्याने चपलांत पाय घातले, त्या सरळ केल्या. "विषय कुठले कुठले घेणार आहेस?"

ती सांगायला लागली ती रस्त्यावर गेली तरी सांगतच होती. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. वळणापर्यंत मला खिडकीतून दोघं दिसत होती. भाऊ मान खाली घालून चालला होता. मध्येच तो थांबला, बहुतेक काहीतरी कळलं नव्हतं. कावळीही थांबली, खिशातून हात काढून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

मी पेटीची दोरी सोडली आणि मशीनवरचं झाकण काढलं. कोट उलटा केला, काखेची शिवण उसवली, माया बाहेर काढली आणि पुन्हा पक्की दुहेरी शिवण घातली. वहिनी बघत उभी होती.

"आता कोण घालणार हा?" ती म्हणाली. "ह्याच्याही खोळी करायच्या का?"

"नाही," मी म्हटलं. "या खेपेला खोळी नाहीत."

मी कोटाला इस्त्री केली, कॉलर बसवली, आणि तयार कपड्यांच्या दांडीवर बाकीच्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांत तो टांगला. वरच्या चिठ्ठीवर भावाचं पूर्ण नाव लिहिलं.